२०२४ मधली तुमची आवडती पाच गाणी, क्रम लावून सांगा (कारणासकट)

बंदरावरची_ताई, रत्नागिरी
२१ डिसेंबर, रात्री १०:१२

डिसेंबर संपत आला की टॉप टेन, टॉप फिफ्टीच्या याद्या यायला लागतात आणि त्या सगळ्या व्ह्यूजवर काढलेल्या असतात. मला ते अजिबात पटत नाही. रीलमध्ये पंधरा सेकंद वाजलं आणि बोटाने वर सरकवलं तरी तो व्ह्यू, आणि एखादीने दिवसभराचं काम आटपून डोळे मिटून अख्खं गाणं ऐकलं तरी तोही एकच व्ह्यू. म्हणून इथे आपली आपण यादी करूया. पाच गाणी, क्रम लावून, २०२४ मध्येच आलेली. सिनेमातलं चालेल, बिनसिनेमाचं चालेल, कुठल्याही भाषेतलं चालेल, फक्त कारण लिहा, नुसती नावं टाकून पळू नका.

मी कशी काढली ते सांगते. आमचे हे ट्रॉलरवर तांडेल, म्हणजे बोटीचे कप्तान आहेत. बोट बंदरातून सुटून आत गेली की रेंज संपते, मग मोबाईलमध्ये जे आधी डाऊनलोड केलेलं असेल तेवढंच. ते भरून द्यायचं काम माझ्याकडे. ह्यांचा मोबाईल जुना, जागा कायम फुल, त्यामुळे नवीन गाणं घालायचं तर जुनं एक काढावं लागतं. १ ऑगस्टला मासेमारीची पावसाळी बंदी उठली तेव्हापासून प्रत्येक फेरीच्या आधी रात्री मी आणि हे बसतो आणि हे ठेव, हे काढ असं चालतं. अशी कितीतरी गाणी आली आणि गेली. जी एकदाही काढावीशी वाटली नाहीत ती ही पाच.

एक नंबर गुलाबी साडी. हो, मला माहितीये की लग्नात, बारशात, शाळेच्या गॅदरिंगला सगळीकडे तेच वाजलं. वाजू दे. जळगावकडचा मुलगा संजू राठोड, स्वतः लिहितो, स्वतः गातो, जी-स्पार्कचं संगीत, पाठीशी ना सिनेमा ना हिरो, आणि फेब्रुवारीत आलेलं गाणं डिसेंबरमध्ये अजून लोकांना पाठ. आणि गाण्यात आहे काय, तर बायको नटून थटून नवऱ्याला म्हणते माझा फोटो काढ. बस्स एवढंच. पण असं आपल्या घरात घडतं म्हणून ते मला फार आवडतं. आमच्याकडे सणाला मी साडी नेसून तयार झाले की हे मोबाईल पुढे करून उभे राहतात, बोलत काही नाहीत.

दोन नंबर सजनी, लापता लेडीज मधलं. राम संपतचं संगीत, अरिजीतचा आवाज. हे गाणं बोटीवर सगळ्यात जास्त चालतं असं हे सांगतात. कारण इंजिनाची घरघर चालू असते ना, तिच्यात ढोल, बेस सगळं गिळलं जातं, वर उरतो तो फक्त गाणाऱ्याचा आवाज. मग ज्या गाण्यात आवाजच सगळं काही आहे ते तिथे टिकतं. खलाशांमध्ये नेपाळची पोरं आहेत, रात्री जाळं टाकून झालं की तीच म्हणतात दाजू (म्हणजे दादा) तो गाना लगाओ.

तीन तांबडी चामडी, चार बिली आयलिशचं बर्ड्स ऑफ अ फेदर (हे लेकीने माझ्या कानात कोंबलं, आता मीच तिला लाव म्हणते), पाच पुष्पा दोन मधलं अंगारों, श्रेया घोषालसाठी. तिने हे गाणं सगळ्या भाषांत स्वतःच गायलंय. मी तेलुगू आणि हिंदी दोन्ही ऐकली, तेलुगूतलं एक कळत नाही तरी तेच जास्त आवडलं.

आता तुमची येऊद्या.

---

बेंजोवाला_गुहागर
२१ डिसेंबर, रात्री १०:५८

ताई धागा एकदम बरोबर वेळेला काढलात, हळदींचा सीझन चालू आहे आणि आम्ही रोज कुठे ना कुठे वाजवतोय. मी बेंजो वाजवतो, म्हणून माझं सगळं कारण बेंजोवरूनच येणार.

बेंजोची गोष्ट अशी की डाव्या हाताने बटणं दाबायची आणि उजव्या हाताने तारेवर मारायचं. एकदा मारलं की सूर लगेच पडतो, लांबवता येत नाही. लांब सूर हवा असेल तर सारखं सारखं मारत राहावं लागतं, थरथर काढावी लागते. म्हणून ज्या गाण्यात शब्द छोटे आणि तुटक तुटक ते बेंजोवर सोन्यासारखं बसतं. गुलाबी साडी ह्या बाबतीत यावर्षी नंबर एक, त्यात वाद नाही. चाल अशी आहे की एकेका बटणाला एकेक अक्षर. पहिल्यांदा ऐकलं त्याच संध्याकाळी वाजवलं आणि पोरं पहिल्या चार सुरांत ओळखून उठली. ऑक्टोपॅडवाल्यालाही तिथे काम आहे, उगीच हात बांधून उभा राहावं लागत नाही.

सजनी मला स्वतःला जीव की प्राण आहे पण बेंजोवर ते वाजवायचं म्हणजे मनगट दुखतं, सगळे लांब सूर. तरीपण आम्ही वाजवतो, हळद लागून झाली की बायका जरा बसतात तेव्हा, आणि कीबोर्डवाला मागून सूर धरून ठेवतो म्हणून निभावतं. लोकं नाचत नाहीत, गुणगुणतात. ते मला नाचण्याइतकंच मोठं वाटतं.

माझा क्रम: सजनी, गुलाबी साडी, आज की रात, तौबा तौबा, मदनमंजिरी.

आणि अजून एक सांगतो. दहाला स्पीकर बंद करावा लागतो हे तुम्हाला माहीत आहे. तर दहाला पाच मिनिटं कमी असताना पब्लिक जे गाणं मागतं ना तेच त्या वर्षाचं खरं गाणं. नऊ वाजता काहीही चालतं, पण शेवटचं एकच मिळणार म्हटल्यावर माणसं विचार करून मागतात. यावर्षी आमच्याकडे शेवटचं बहुतेक वेळा गुलाबी साडीच झालं.

---

चिपळूणची_पोर
२१ डिसेंबर, रात्री ११:३१

ताई तुमच्या लेकीला माझा नमस्कार सांगा, तिची चॉईस भारी आहे 😊

माझी यादी वेगळी आहे, मी शिकायला मुंबईला असते आणि गाणी मुख्यतः ट्रेनमध्ये ऐकते.

१. बर्ड्स ऑफ अ फेदर. बिलीचा अख्खा अल्बम मे मध्ये आला आणि मी परीक्षेच्या काळात तोच ऐकला. ती आधी किती दबक्या आवाजात गायची, ह्या गाण्यात शेवटाकडे जो आवाज मोकळा सोडलाय तो ऐकून मला दरवेळी अंगावर काटा येतो. भावाबहिणीने मिळून केलेलं गाणं आहे, फिनियस आणि ती.

२. डाय विथ अ स्माईल. लेडी गागा आणि ब्रूनो मार्स. ह्याच्याशी माझी एक सवय जोडली गेलीये. रत्नागिरीला मावशीकडे जाताना उक्षीच्या पुढे करबुडेचा बोगदा लागतो, साडेसहा किलोमीटरचा, आत शिरलं की रेंज नाही आणि बाहेर मिट्ट काळोख. गाडी बोगद्यात शिरली की मी हे गाणं सुरू करते. चार मिनिटांच्या वर आहे, गाडी वेळेत असेल तर गाणं आणि बोगदा जवळजवळ एकदम संपतात आणि शेवटच्या ओळीला उजेड येतो. तुमच्या बोटीसारखंच झालं, डाऊनलोड नसेल तर काही नाही.

३. जो तुम मेरे हो, अनुव जैन. गिटार आणि आवाज, बाकी काही नकोच आहे.

४. एपीटी. ऑक्टोबरमध्ये आलं आणि हॉस्टेल वेडं झालं. रोझे आणि ब्रूनो मार्स. कोरियात पार्टीत खेळतात त्या खेळावरून केलंय, एकावर एक हात ठेवायचे असतात. आम्ही खेळलो पण.

५. गुलाबी साडी, कारण हॉस्टेलमध्ये बाकीच्या राज्यांतल्या मुली ते माझ्याकडून शिकल्या आणि त्यांना मराठी पहिल्यांदा ह्या गाण्यामुळे ऐकावंसं वाटलं. ह्याचा मला खूप अभिमान वाटतो, खरंच.

---

वेंगुर्लेकर_काका
२२ डिसेंबर, सकाळी ७:०५

नमस्कार मंडळी. माझं वय तुमच्या सगळ्यांपेक्षा जास्त असावं, भजनाच्या डबलबाऱ्या, म्हणजे दोन बुवांचे सामने, ऐकत मोठा झालो, त्यामुळे माझा कान आधी चालीकडे आणि मग शब्दाकडे जातो. यावर्षीचं माझं पहिलं गाणं मदनमंजिरी, फुलवंती चित्रपटातलं, अविनाश-विश्वजीत यांचं संगीत आणि वैशाली म्हाडेचा आवाज. ऑक्टोबरमध्ये चित्रपट आला. वैशालीताईंच्या आवाजात जी धार आहे ती आजकाल मिळत नाही, खालच्या सुरातून वर जाताना कुठेही आवाज बारीक होत नाही. आणि ढोलकी ढोलकीसारखी वाजते, कॉम्प्युटरमधून काढल्यासारखी नाही.

दुसरं माझं खलासी. आदित्य गढवीचं. आपल्या दर्यावरच्या माणसाचं गाणं आहे, गुजराती असलं म्हणून काय झालं, खाडी ओलांडली की सगळे एकच. बंदरावरच्या ताईंच्या यादीत ते नाही ह्याचंच आश्चर्य वाटलं.

तिसरं सजनी. चौथं पाचवं अजून ठरत नाही.

---

बंदरावरची_ताई, रत्नागिरी
२२ डिसेंबर, सकाळी ८:४०

काका, खलासी आमच्या मोबाईलमध्ये आहेच, ते कोण काढणार! पण ते २०२३ चं आहे, कोक स्टुडिओ भारतमधलं, म्हणून ह्या यादीत बसत नाही. नियम म्हणजे नियम, नाहीतर कुणीतरी थेट जुन्या कोळीगीतांपर्यंत जाईल आणि मग आम्ही सगळेच तिकडे जाऊ. तुमचे चौथं पाचवं ठरवा आणि सांगा, वाट बघते.

मदनमंजिरीबद्दल अगदी मनातलं बोललात. मी घेतलं नाही कारण बोटीवर ते चाललं नाही, हे म्हणाले ढोलकीचे बारकावे ऐकूच येत नाहीत इंजिनात. घरी मी ऐकते.

---

देवगडचो_बाबलो
२२ डिसेंबर, दुपारी १:१७

गे बाय, तुझी यादी बरी हा, पण माका येक सांग, बिग डॉग्स खय गेला? हनुमानकाइंड, तो रॅपवालो! केरळचो झील, अमेरिकेत टेक्सासात वाढलो, आणि परत येवन गाना केल्यान तर जगात वाजला. त्येचो व्हिडीओ बघितलंस काय? मौत का कुआँ मध्ये काढलेलो हा, पोन्नानीक, आणि बीट कलमी नावाच्या म्युझिकवाल्याचो. गाडये भिंतीवरसून फिरतत आणि हो मधी उभो रवान बोलता, जरा हलना नाय. माका बघल्याबरोबर आमची जत्रा आठवली. ल्हानपणी बापाशीचो हात धरून शिडयेन वर चढाक लागायचा, फळये हालत, गाडी वर इली की पेट्रोलचो वास नाकात, आणि लोकां धाची नोट हातात धरून वाकत, तो गाडीवाल्यान चालत्या गाडयेवरसून उचलून घेय. ता सगळा त्या गान्यात हा. आमच्यासारख्यांची जत्रा जगान बघल्यान, ह्येच्यापेक्षा मोठा काय आसता?

माझो पयलो नंबर तोच. दुसरो इल्युमिनाटी, आवेशम मधला, सुशीन श्यामचा म्युझिक, ता पण मल्याळम. अर्थ कळाक व्हयो असा नाय. आंबो कलमावर फवारणी करताना गडी मानसां मोबायलवर लावतत, सगळ्यांचे पाय हलतत. तिसरो तांबडी चामडी. बाकी तुमी म्हनशात ता.

---

हर्णेकर
२२ डिसेंबर, दुपारी ३:४४

बाबल्या +१. बिग डॉग्स अमेरिकेच्या बिलबोर्डच्या मुख्य यादीत गेलं, पहिल्या पंचवीसात होतं, ही साधी गोष्ट नाही.

पण मला एक मूळ मुद्दा मांडायचाय. इथे दोन वेगळ्या याद्या एकत्र होतायत. एक माझं आवडतं आणि दुसरी आमच्याकडे वाजलेलं. बेंजोवाल्या दादांनी दहाला पाच कमी असतानाचं सांगितलं, मस्त मुद्दा आहे, पण ती गावाची आवड झाली, त्यांनी स्वतः तर सजनी वर ठेवलंय. ताईंची यादी पण अर्धी त्यांची आणि अर्धी बोटीची आहे. मग पर्सनल म्हणायचं कशाला? मला विचाराल तर मी तौबा तौबा एक नंबरला ठेवतो आणि ते आमच्या वाडीत कुणालाच फारसं आवडत नाही. करण औजलाचं लिहिलेलं, त्याचंच संगीत, त्यानेच गायलंय, विकी कौशल नाचला म्हणून लोकांनी स्टेप बघितली आणि गाणं ऐकलंच नाही. हेडफोन लावून ऐका, तो ओळीच्या शेवटी शब्द कसा सोडतो ते ऐका. घाई नाही, जोर नाही. मी मासळीचा लिलाव संपल्यावर टेम्पोत बसून एकटा ऐकतो आणि मला दुसऱ्या कुणाच्या मताची गरज वाटत नाही.

---

बंदरावरची_ताई, रत्नागिरी
२२ डिसेंबर, संध्याकाळी ६:२०

हर्णेकर दादा, मुद्दा नीट मांडलात म्हणून नीट उत्तर देते.

मला नाही वाटत दोन याद्या वेगळ्या आहेत. तुम्ही टेम्पोत एकटे ऐकता ते खरंच तुमचं एकट्याचं, मान्य. पण माझं गाणं माझं कसं झालं? सजनी मला मार्चमध्ये नुसतं बरं वाटलं होतं. मग पावसात हे घरी होते तेव्हा आम्ही दोघांनी ऐकलं, मग ऑगस्टपासून ते बोटीवर गेलं आणि दरवेळी हे परत आले की विचारायचे ते ठेवलंयस ना. आता ते लागलं की मला बंदर, बर्फाच्या गाड्या, पहाटेचा काळोख, बोटी आत येतानाचे दिवे एवढं सगळं एकदम आठवतं. ह्यातलं कुठलं माझं आणि कुठलं बोटीचं हे मी कसं वेगळं काढू? आवड एका दिवसात ठरत नाही, ती वर्षभर कुणाबरोबर आणि कुठे ऐकलं त्यातून ठरते. म्हणूनच मला व्ह्यूजची यादी नको असते, त्यात कुणाबरोबर हे येतच नाही.

आणि गुलाबी साडी खूप वाजलं म्हणून खाली टाकायचं हे मी करणार नाही. मराठीत सिनेमाशिवाय एखादं गाणं एवढं पुढे जाणं हे आपण किती वर्षं बघितलं नव्हतं. तांबडी चामडीचंही तेच, क्रेटेक्स आणि श्रेयस, मराठी शब्द, खाली हाऊस म्युझिक आणि लेबल कुठलं तर हॉलंडचं स्पिनिन रेकॉर्ड्स. आपल्या भाषेतली दोन गाणी एका वर्षात स्वतःच्या पायावर उभी राहिली. मी ती दोन्ही वर ठेवणार आणि मोठ्याने सांगणार.

---

चिपळूणची_पोर
२२ डिसेंबर, संध्याकाळी ७:०२

ताई 👏 हे शेवटचं वाक्य मी स्टेटसला ठेवू का?

एक शंका, हुस्न चालेल का? अनुव जैनचंच. मी ते यावर्षीच ऐकलं, आणि जो तुम मेरे हो पेक्षा मला थोडं जास्त आवडतं.

---

बेंजोवाला_गुहागर
२२ डिसेंबर, रात्री ८:१५

पोरी हुस्न डिसेंबर २०२३ ला आलंय, थोडक्यात गेलं. काकांच्या खलासीला नाही म्हटलं तर तुलाही नाही म्हणावं लागेल.

हर्णेकर, तुम्ही म्हणालात म्हणून तौबा तौबा आज हेडफोन लावून ऐकलं. मी त्याला आजपर्यंत फक्त चाल म्हणून बघितलं होतं, कारण वाजवताना शब्द नसतातच आमच्याकडे. तो ठेक्याच्या किंचित मागे गातो, हे आधी लक्षात आलं नव्हतं. बेंजोवर आम्ही ते बरोबर ठेक्यावर मारतो म्हणून ते सपाट होतं आणि पब्लिक उठत नाही. उद्या सराव आहे, ऑक्टोपॅडवाल्याला सांगतो तू जागच्या जागी राहा, मी जरा मागून येतो. शुक्रवारी हळद आहे शृंगारतळीजवळ, तिथे वाजवून बघतो.

---

वेंगुर्लेकर_काका
२२ डिसेंबर, रात्री ९:३०

खलासीबद्दल नियम मान्य आहे. मग दुसऱ्या जागेवर सजनी येतं आणि तीन जागा रिकाम्या राहतात. नातवाला विचारून आज दिवसभर तुम्ही लिहिलेली सगळी गाणी ऐकली. बिग डॉग्स मला झेपलं नाही पण व्हिडीओ दोनदा बघितला, बाबल्याने लिहिलं ते शंभर टक्के खरं आहे, फळ्या हलतात ते मीही अनुभवलंय. तिसऱ्या नंबरला ते बिली आयलिशचं घालतो. शब्द कळले नाहीत, नातवाने सांगितले, पण चाल साधी आणि सरळ आहे, अभंगासारखी परत परत त्याच जागी येते आणि कंटाळा येत नाही. चौथं अंगारों. पाचवं गुलाबी साडी, कारण नात पाच वर्षांची आहे आणि घरात दुसरं काही लागू देत नाही, आणि तिला नाचताना बघून मला ते गाणं आवडायला लागलं. ताई म्हणतात ते हेच असावं.

---

देवगडचो_बाबलो
२२ डिसेंबर, रात्री ९:५२

काकानू, तुमच्या नातयेक इल्युमिनाटी लावन दाखवा येकदा. मगे गुलाबी साडी इसारतली 😄

बेंजोवाल्यानू, शुक्रवारी वाजवलास की रेकॉर्डिंग टाका हय. तौबा तौबा मागसून कसा येता ता आयकाचा हा.

---

हर्णेकर
२२ डिसेंबर, रात्री १०:०५

मी पण वाट बघतोय रेकॉर्डिंगची. राहिलेले चार: बिग डॉग्स, सजनी, तांबडी चामडी, आज की रात. आज की रात मधुबंती बागचीसाठी, तिचा आवाज थोडा जाड आहे आणि सचिन-जिगरने तो बारीक करायचा प्रयत्न केला नाही. ताई, पुढच्या फेरीला तौबा तौबा भरून द्या दादांना, इंजिनात कसं ऐकू येतं ते विचारून इथे लिहा.

---

बंदरावरची_ताई, रत्नागिरी
२२ डिसेंबर, रात्री १०:२१

भरते. हे मंगळवारी निघतायत. जागेसाठी काय काढायचं ते आत्ताच बोलणं झालं, ह्यांनी दोन जुनी हिंदी गाणी काढायला परवानगी दिली आहे, म्हणजे एक जागा तौबा तौबाला आणि एक बाबल्याच्या बिग डॉग्सला. नेपाळच्या पोरांना काय आवडतं तेही विचारून सांगते.